खिडकीखालचे आलू

आमच्या खानदानात कुठंही पंगत बसली आणि पानात आलूचा रस्सा पडला, की कोणीतरी मान वर करून विचारतोच, "हे आलू कोनं ठेवले होते बाप्पा? काकूनं तं नाही?" मग सगळे हसतात. ज्यांनी माझ्या मायला कधी पाहिलंसुद्धा नाही अशी नातवंडंही हसतात, कारण इथं हसायचं असतं एवढं त्यांना ठाऊक झालं आहे. मी सत्तरी ओलांडली, दात अर्धे गेले, रक्तदाबाची गोळी रोज घेते, तरी हा विनोद कानावर पडला की माझा हात ताटातच थांबतो. डॉक्टर म्हणतात, राग करत जाऊ नका. डॉक्टरांचं काय जातं म्हणायला. हा राग मी इतकी वर्षं सांभाळला तो काही उगाच नाही, आणि हे प्रकरण लिहिताना माझ्याकडून कोणी गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नये.

आमचं गाव चांदूर बाजाराहून बैलबंडीनं तासाभराच्या वाटेवर. कापूस, तूर, ज्वारी सगळ्यांचीच होती, पण आमच्या विहिरीला उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकायचं आणि विहिरीखालच्या तुकड्यात बाबा दिवाळीनंतर आलू लावायचे. पुढं शाळेत शिकवताना मी फळ्यावर 'बटाटा' लिहिलं आणि मनात आलूच वाचलं. लावणं बाबांचं, पाणी देणं गड्याचं, पण त्यानंतरचं सगळं मायच्या हातात. आमच्या काळ्या मातीला भेगा पडतात, आणि भेग पडली की आतला आलू उघडा होतो. माय रोज सकाळी सऱ्यांमधून फिरायची आणि कुठं डोकं वर काढलेला आलू दिसला की त्यावर पायानं माती ओढायची. मी विचारलं तर म्हणायची, उजेड लागला की आलू कडू होतो. हे तिला कोणी शिकवलं मला माहीत नाही. तिला सही करता येत नव्हती.

शिवरात्रीच्या सुमारास पाला पिवळा पडू लागला की ती पाणी तोडायला लावायची. मग विळ्यानं पाला कापायचा आणि आलू तसेच मातीत राहू द्यायचे. बाबांना घाई असायची, शेजारच्या वावरातले आलू निघालेही असायचे, पण माय रोज एक आलू उकरून अंगठ्यानं घासून पाहायची. साल सरकली की तो आलू परत मातीत. "कातडं धरलं नाही अजून," एवढंच म्हणायची. ज्या दिवशी साल हलायची नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नांगर जुंपायचा, सऱ्या उलटायच्या आणि मागून बायकांनी टोपल्यांत आलू वेचायचे. टोपलं जमिनीला टेकवून मगच रिकामं करायचं हा तिचा नियम होता. कोणी उभ्यानं ओतलं आणि आलू धपधप आदळले, की माय त्या बाईकडे अशी बघायची की ती बाई दिवस मावळेपर्यंत वाकूनच काम करायची. फाळ लागलेले आलू वेगळे निघायचे. ते घरी आणून उकडायचे, घरावरच्या सपाट धाब्यावर बाजेवर धोतर पसरून त्यावर किसणी धरायची, आणि उन्हात कीस कडक होईपर्यंत आम्ही दोघी बहिणींनी कावळे हाकलत बसायचं. तो तळलेला कीस आणि वर तिखट-मीठ, एकादशीच्या दिवशी. आजकाल पिशवीत मिळतं ते मी तोंडात घालत नाही.

चांगले आलू मात्र थेट घरी येत नसत. बांधावरच्या कडुनिंबाखाली ढीग करून पाल्यानं झाकायचे आणि आठ दिवस त्यांना घाम येऊ द्यायचा. घाम हा शब्द मायचा. हात घातला तर ढीग आतून खरोखरच ओलसर, कोमट लागायचा. तो कोरडा झाला की बंडी जुंपायची आणि आलू अंधारीत न्यायचे. अंधारी म्हणजे आमच्या स्वयंपाकघरामागची खोली. हातभर जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, एकच बुटकं दार, खिडकी नाही. खाली पूर्णा नदीची वाळू, वाळूवर कडुनिंबाचा पाला, त्यावर गुडघ्याएवढे आलू, त्यावर कुटार, म्हणजे ज्वारीच्या कडब्याचा भुसा, आणि दुपारी दाराला ओलं पोतं. बाहेर चैत्र-वैशाखात अंगणात पाय ठेवता यायचा नाही आणि आत गेलं की पायाखालची वाळू थंडगार. असे ठेवलेले आलू आमच्याकडे पोळ्यापर्यंत चालायचे. आसपासच्या गावांत कोणाचे अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पुढे टिकत नसत.

दर चार दिवसांनी आलू निवडायचे असत. माय दारात उभी राहून एक लांब श्वास घ्यायची आणि सांगायची, "कोपऱ्यात एक गेला." मग ताई आणि मी कुटार सारून आत हात घालायचो आणि तो एक मऊ पडलेला आलू शोधून काढायचो. दिवा न्यायचा नाही, बोटांनीच ओळखायचं. कुसुमताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिची बोटं फार हुशार होती, माझे दोन होईपर्यंत तिचे दहा आलू तपासून व्हायचे. काम करता करता ती गुणगुणायची आणि जे काही उजेडात सांगायचं नसे ते मला तिथं सांगायची. आमच्या कुडापलीकडे हमीदाबी राहायची. तिचे कांदे, आमचे आलू, अशी दोन्ही घरांत सारखी देवघेव. तिचा नवरा बाजारात भाजी विकायचा, त्यामुळे कोणती भाजी कशानं नासते हे त्या बाईला पाठ होतं. ती आणि माय अंधारीच्या दारात बसून निवडलेल्या आलूंवर अशा बोलायच्या की जणू घरातलीच माणसं आहेत ती.

त्या वर्षी ताईला धामणगाव रेल्वे या गावचं स्थळ आलं. मुलगा पोस्टात, बापाचं धान्याचं दुकान, पक्कं घर. तो ताईला पाहायला आला तेव्हा त्यानं तिला नाव-गाव न विचारता कोणतं पुस्तक वाचलं ते विचारलं, आणि ताईनं खरं सांगितलं की सातवीनंतर हातात पुस्तक आलं नाही. तो म्हणाला, आमच्याकडे आहेत, वाचा. हे तिनं मला अंधारीत सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना तिच्या हातातला चांगला आलू सडक्यांच्या टोपल्यात गेला. मी अकरा वर्षांची होते. प्रेम वगैरे शब्द आमच्या घरात नव्हते, पण ताईचा हात चुकला हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

बाबा धामणगावला जाऊन घर पाहून आले आणि आल्या आल्या त्यांनी सांगितलं, "बैठकीले चार खिडक्या हायेत." जेवताना पुन्हा तेच. हिरवा रंग, गज, वर नक्षी. आमच्या घराला एकंदर दोन खिडक्या होत्या आणि त्याही कोठ्याच्या बाजूला, गुरांवर लक्ष ठेवायला. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्याकडे ठरलं होतं, उन्हाळ्याचे दिवस, जेवणानंतर व्याही कुठं पडणार हा प्रश्न निघाला, आणि बाबांनी एका सकाळी मिस्त्री आणून अंधारीची पूर्वेची भिंत फोडली. चांदूर बाजाराहून गज आणले, चौकट आणली, तिला आकाशी रंग दिला. माय चुलीपुढून उठून आली तोपर्यंत भिंतीत मोठं भोक पडलं होतं आणि होळीनंतरचं ऊन थेट आलूंवर आलं होतं.

मायनं तेव्हा सांगितलं नाही असं कोणी म्हणू नये. मी तिथंच उभी होते. ती म्हणाली, "अवो, आलूले उजेड लागते. दुसरीकडं काढा ना खिडकी." बाबा म्हणाले, तुझ्या आलूंसाठी व्याह्याला कोठ्यात झोपवू का. मग ते गड्याला घेऊन आत गेले, आलू एका भिंतीला सारले, आणि वरचं कुटार टोपल्याटोपल्यानं उचलून बाहेर टाकलं. "कुटार पाह्यलं तं पाव्हणे म्हनतीन, ढोराईत आनून बसवलं." उरलेल्या अर्ध्या खोलीत शेणाचा सडा, वर सतरंजी. त्यांच्या डोक्यात ती आता खोली राहिली नव्हती, बैठक झाली होती. हमीदाबी कुडावरून म्हणाली, "भाऊ, ये गलत कर रहे तुम. आलू अंधाऱ्यातली चीज हाय." बाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतरचा महिनाभर आमच्या घरात एक लढाई चालली होती आणि ती कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. माय खिडकीला ओलं पोतं लावायची, बाबा ते काढून अंगणात फेकायचे. तिनं जुनं लुगडं बांधलं, ते त्यांनी सोडलं. तिनं आलूंवर गोधडी टाकली, तर बाबा म्हणाले, लोकं हसतीन, आलूले गोधडी पांघरली म्हून. गावातला कोणी आला की ते त्याला मुद्दाम मागच्या खोलीत नेऊन खिडकी दाखवायचे. आकाशी रंगाला हात लावू द्यायचे. माय स्वयंपाकघरात भाकर थापत असायची आणि तिच्या थापण्याचा आवाज वाढायचा. मी आज या वयात तो आवाज ओळखते. तेव्हा मला वाटायचं की पीठ घट्ट झालं असेल.

आलू हिरवे पडू लागले. आधी वरचे, मग बाजूचे, सालीखाली हिरवट झाक आणि मग सरळ हिरवे. मायनं साक्षगंधाच्या चार दिवस आधी सगळा ढीग उपसला, आम्हा दोघींना बसवलं आणि एकेक आलू हातात फिरवून दोन ढीग केले. खालच्या थरातले चांगले तीन टोपली निघाले, ते तिनं पोत्यानं झाकून स्वयंपाकघरात ठेवले. हिरवे सगळे खिडकीखालच्या कोपऱ्यात. "हे उकिरड्यावर टाकाचे," तिनं आम्हाला बजावलं, "ढोराईले बी नाही टाकाचे." बाबा म्हणाले, पाहुण्यांदेखत उकिरड्यावर आलूंचा ढीग दिसायला नको, साक्षगंध होऊन जाऊ दे, मग टाक. मायनं ऐकलं. तिनं ऐकायला नको होतं. पण तेवढं एकच तिच्या पदरात टाकता येतं आणि तेही मी मोठ्या कष्टानं टाकते आहे.

साक्षगंधाला ते पन्नास येणार होते, आले शंभराच्या वर. ताईनं जांभळं पातळ नेसलं होतं आणि तिला कोणी हलू देत नव्हतं. अंगणात चुलीवर मोठा गंज, त्यात आलूचा रस्सा, बाजूला बुंदी, वरण, पोळ्यांच्या चळती. बाबांनी आठ दिवस आधीपासून धामणगावच्या माणसांना सांगून ठेवलं होतं की आमच्या घरचे आलू खा, या दिवसांत असा आलू कुठं मिळणार नाही. पहिल्या पंगतीला सगळे पुरुष बसले, बाबाही व्याह्यांच्या शेजारी बसले, आणि रस्सा सगळ्यांनी मागून मागून घेतला. पंगत उठली तेव्हा गंज खरवडायला आला होता आणि दुसऱ्या पंगतीच्या बायका अजून बसायच्या होत्या. माय त्या वेळी व्याहिणीची ओटी भरत समोरच्या खोलीत होती. आचारी ओरडला, आलू आणा. बाबा हात पुसत उठले, मागच्या खोलीत गेले आणि खिडकीखालचे आलू दोन टोपल्यांत भरून आणून माझ्यासमोर ठेवले.

मी म्हटलं, "बाबा, हे हिरवे हायेत. मायनं टाकाचे म्हटले."

"सालं काढली का सारे आलू सारखेच," बाबा म्हणाले. "मुकाट्यानं सोल."

मी सोलले. आचाऱ्याची बायको आणि मी, दोघींनी मिळून दोन टोपली सोलली. साल काढली तरी आतून कडेकडेनं हिरवं होतं, हे मला दिसत होतं. चाकू ठेवून समोरच्या खोलीत पळत जायला मला फार तर वीस पावलं टाकावी लागली असती. मी ती वीस पावलं पुढं आयुष्यभर मोजत राहिले. बाबा उभे होते आणि मला त्यांची भीती वाटत होती, एवढंच खरं आहे. तिखट, मसाला, तर्री, सगळं दुप्पट घातलं आणि दुसरा गंज उतरला.

दुसऱ्या पंगतीला मुलाची आई, त्याच्या दोन आत्या, एक म्हातारी मावशी, सगळा बायकांचा मेळा बसला. एकीनं भाजी थोडी कडवट लागते म्हटलं, दुसरी म्हणाली इकडचा मसाला असतोच कडक. ऊन उतरायच्या आत पहिली आत्या अंगणात ओकली. मग दुसरी. मुलाच्या आईनं पोट धरून मांडवाच्या खांबाशी बैठक मारली आणि म्हाताऱ्या मावशीला उचलून त्याच नव्या खोलीत, त्याच खिडकीखाली निजवावं लागलं. पहिल्या पंगतीतले पुरुष ठणठणीत होते. ते एकमेकांकडे पाहत उभे होते, आणि दोन पंगती, दोन गंज, एवढा साधा हिशेब त्यांच्यातल्या एकाही शहाण्याला सुचला नाही. मुलाचा बाप म्हणाला, हे काय घातलं जेवणात? अंगणातले सगळे बाबांकडे पाहू लागले.

बाबा म्हणाले, "आलूचं सारं आमच्या घरात हीच पाह्यते. बाईमाणसाच्या भरवशावर ठेवलं, चुकलं माहं."

माय दारात उभी होती, हातात लिंबाचं पाणी. ताईही तिच्या मागं उभी होती, जांभळ्या पातळात. मायनं बाबांकडे पाहिलं. मग ती पुढं आली, मुलाच्या आईपाशी बसली आणि तिला पाणी पाजू लागली. त्या बाईनं पेला हातानं बाजूला सारला. पाणी मायच्या लुगड्यावर सांडलं.

माणसं दोन दिवसांत बरी झाली, कोणाला काही झालं नाही. पण धामणगावहून निरोप आला की जिच्या आईला घरचं अन्न सांभाळता येत नाही तिची मुलगी आम्हाला नको. तो पुस्तकवाला मुलगा आपल्या आईसमोर एक शब्द बोलला नाही, म्हणजे तोही काही फार मोठा नव्हता, पण हे मला आत्ता कळतं, ताईला तेव्हा कळून काय उपयोग होता. ती तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी मायनं तिच्यासाठी ताट वाढून नेलं तर तिनं ताट उंबऱ्याबाहेर सारलं आणि म्हणाली, "तुले माहं लग्न नको होतं, तं साधं सांगाचं होतं."

साक्षगंधाच्याच संध्याकाळी मायनं खिडकीखालचा रिकामा कोपरा पाहिला होता आणि मला विचारलं होतं, कोणी नेले. मी बाबांचं नाव घेतलं.  मग तिनं माझे दोन्ही खांदे धरले. "ताईले सांगू नको. तिचं लग्न जमेपर्यंत गप राह्य. दुसरं स्थळ तुया बापालेच पाहाचं हाये, गावात त्याचं तोंड राह्यलं पाह्यजे." मी मान हलवली. ताई मायला काहीही बोलली की मी मायकडे पाहायचे आणि माय मान अगदी थोडी हलवायची, नको.

पाहुण्यांची सतरंजी उचलली त्या दिवशी माय आणि हमीदाबी दोघींनी मिळून खिडकी बुजवली. बाबा वावरात गेले होते. पांढऱ्या मातीचा चिखल केला, कुटार मिसळलं, विटांचे तुकडे गजांच्या मधून रचले आणि दोन्ही बाजूंनी हातानं लिंपलं. आकाशी चौकट तशीच आत गाडली गेली. बाबा आले, त्यांनी पाहिलं, आणि पाय धुवायला पाणी मागितलं. पुढच्या वर्षी आलू पुन्हा पोळ्यापर्यंत टिकले, तेव्हा ओसरीवर बसलेल्या माणसांना बाबा सांगत होते की ती खिडकी काही कामाची नव्हती, मी बुजवून टाकली. मी पाणी घेऊन गेले होते. तांब्या मी त्यांच्या पुढ्यात आदळला, तर त्यांनी मलाच विचारलं, काहून वं, हात मोडला का?

ताईला दुसरं स्थळ मिळायला दोन वर्षं लागली, आणि मिळालं ते दुसरेपणावर, अकोल्याच्या पलीकडे, पदरात आधीची दोन मुलं. नवरा वाईट नव्हता. पण ताई माहेरी आली की मायच्या हातचं काही खायची नाही. आपलं आपण पिठलं टाकून घ्यायची. आलूंना तर तिनं जन्मात पुन्हा हात लावला नाही. माय तिच्यासाठी कीस डब्यात भरून ठेवायची आणि ती तो डबा कोनाड्यातच ठेवून जायची. माय आजारी पडली तेव्हा तिनं ताईला निरोप धाडला, ताई आली ती माय गेल्यावर. पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली आणि त्याच दिवशी परतली.

मी शिकले, अकोल्यात शाळेत विज्ञान शिकवू लागले. सातवीच्या पुस्तकात एक ओळ होती, बटाटा उजेडात ठेवल्यास हिरवा व कडू होतो, असा बटाटा खाऊ नये. इतर बाई ती ओळ वाचून पुढं जायच्या. मी त्या ओळीवर दोन दोन तास घेतले. वर्गात हिरवे बटाटे नेले, अर्धे डब्यात, अर्धे खिडकीत ठेवून मुलांना रोज पाहायला लावले. मुलं मागं मला आलूबाई म्हणायची, मला ठाऊक होतं. त्या पोरांना मी जे जीव तोडून सांगत होते ते सांगायचं होतं एका माणसाला, आणि तिचं गाव माझ्या शाळेपासून एसटीनं फार दूर नव्हतं.

बाबा म्हातारपणी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे अकोल्यात राहिले. डोळ्यावर पट्टी असताना एका दुपारी मी त्यांना सरळ विचारलं, ते आलू कोणते होते हे तुम्हाला माहीत होतं की नाही. मला वाटलं ते विसरले असतील. ते म्हणाले, "मले तवाच समजलं होतं. पहिली बाई ओकली तवाच."

"मंग काहून नाही बोलले?"

"तुया मायनं मले कधी काही म्हटलं का? तिनं म्हटलं असतं तं पाह्यलं असतं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. आयुष्यभर ती गप्प बसली, आणि त्याचाही यांनी आपल्यासाठी उपयोग करून घेतला. मग त्यांनी हाक मारून चहा मागितला आणि मी तो करून दिला. माझ्या हातून तेवढंच होत आलं आहे.

बाबांच्या तेरवीला जुन्या घरी सगळे जमले. धाकटा भाऊ प्रकाश आता तिथं राहतो, पुढचा भाग सिमेंटचा झाला आहे, अंधारी मात्र तशीच मागं पडून आहे. पंगतीत आलू-वांगं वाढलं गेलं आणि चुलतभावाच्या मुलानं तोच विनोद केला, तेरवीच्या पानावर बसून. हसले लोक. ताईही हसली, तोंडाला पदर लावून, थोडंसं. ते हसणं मला सहन झालं नाही. वाढता वाढता मी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाले, "खिडकी बाबानं काढली. हिरवे आलू बाबानं आनून देले. मी सोलले. माय तेथं नव्हती. आता हसा."

प्रकाश म्हणाला, बापाच्या तेरवीच्या दिवशी तरी जिभेला आवर घालायचा होता. तो अजूनही माझ्याशी बोलत नाही, न बोलू दे. ताई पानावरून उठली. हात न धुता मागं गेली. मी तिच्या मागोमाग गेले. अंधारीत खताची पोती होती आणि एक मोडका कूलर. पूर्वेच्या भिंतीवर लिंपणाचा चौकोन अजून वेगळा दिसत होता, बोटांनी सारवल्याच्या रेघा तशाच होत्या.

"हे मायनं बुजवलं?" ताईनं विचारलं.

"मायनं अन् हमीदाबीनं."

"मले तं बाबा म्हने, म्याच बुजवली." ती भिंतीला हात लावून उभी राहिली. उष्टा हात होता, मातीला आमटी लागली. "मी तिच्या हातचं पानी बी नाही पेली, विमल. तिनं बलावलं तं आली नाही." मग ती माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "तू तं होती ना तेथं. एवढी शिकली, एवढ्या पोरायले शिकवलं. मले काहून नाही सांग्तलं?"

मायनं सांगू नको म्हटलं होतं, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं, आणि पट्टी बांधलेल्या बाबांचा आवाज मला आठवला. मी तोंड मिटलं. ताई मागच्या दारानंच बाहेर पडली आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागली. मायनं मला फक्त लग्न जमेपर्यंत गप्प राहायला सांगितलं होतं.